बंद कारखान्याच्या जागेवर कलाकृती करवून घेताना

कारखाना बंद पडतो, यंत्रं भंगारात जातात आणि मागे उरते ती जमीन. काही वर्षं तिच्यावर झुडपं माजतात. मग कधीतरी ती नगरपालिकेकडे, एखाद्या न्यासाकडे किंवा नव्या विकासकाकडे येते आणि पहिल्या-दुसऱ्या बैठकीतच कुणीतरी म्हणतं, "इथे मधोमध एक छानसं शिल्प बसवूया." हा लेख त्या बैठकीला बसलेल्या, पण असं काम आधी कधीच न केलेल्या माणसासाठी आहे.

माझं सांगणं एकच आहे. शिल्पापासून सुरुवात करू नका, जमिनीपासून करा. जमिनीत काय मुरलंय आणि तिथे कोण राबलंय हे कळल्यावरच कलाकाराला बोलवा. हा क्रम उलटा झाला की पुढे पैसा, वेळ आणि लोकांचा विश्वास हे सगळंच खर्ची पडतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घेऊ. जागेसाठीच घडवलेली कलाकृती म्हणजे दुसरीकडे उचलून नेली तर जिला अर्थच उरत नाही अशी कलाकृती. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कमधलं आहे. रिचर्ड सेरा या शिल्पकाराने १९८१ मध्ये तिथल्या फेडरल प्लाझा या चौकात सुमारे ३६ मीटर लांबीची कललेली पोलादी भिंत उभी केली. तिचं नाव 'टिल्टेड आर्क'. चौकातून रोज ये-जा करणाऱ्या अनेकांच्या ती गळी उतरली नाही. ती दुसरीकडे हलवावी अशी सूचना आली तेव्हा सेरा यांचं म्हणणं होतं की हलवणं म्हणजे ती नष्ट करणंच. वाद कोर्टात गेला आणि १९८९ मध्ये भिंत कापून काढली गेली. मला यात दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. कलाकृती त्या जागेचीच होती, आणि जागा वापरणाऱ्यांना ती आपली वाटली नव्हती. तुमचं काम या दोन गोष्टींच्या मध्ये उभं राहण्याचं आहे.

पहिली पायरी : जमिनीची ओळख

आधी कागद गोळा करा. जुने नकाशे, इमारतींचे आराखडे, मलवाहिन्यांचे नकाशे, यंत्रसामग्रीच्या नोंदी, कारखान्याचे जुने फोटो. मग माती आणि भूजलाची तपासणी करून घ्या, तीही त्या कामातल्या तज्ज्ञांकडूनच.

कुठल्या धंद्याने मागे काय ठेवलं असेल याचा थोडा अंदाज आधीच बांधता येतो. कोळशापासून गॅस बनवणारे कारखाने मातीत डांबर आणि त्यातली विषारी द्रव्यं सोडून जातात. धातू गाळणाऱ्या भट्ट्यांच्या आसपास शिसं, जस्त, कॅडमियम सापडतं. कातडी कमावण्याच्या जागी क्रोमियम असतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं, बॉयलर आणि वाफेच्या पाइपांवरच्या वेष्टनात ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक असे खनिज तंतू. कोळसा खाणीतल्या टाकाऊ मालाचे ढीग आतल्या आत वर्षानुवर्षं धुमसत राहू शकतात.

नवख्या मंडळींच्या हातून हमखास सुटणारी एक बाब इथे सांगायलाच हवी. अनेक ठिकाणी दूषित माती उचलून नेत नाहीत. तिच्यावर चिकणमातीचा किंवा जाड प्लास्टिकचा थर घालून वर स्वच्छ माती पसरतात. अशा जागी पायासाठी घेतलेला प्रत्येक खड्डा म्हणजे त्या झाकणाला पाडलेलं भोक. शिल्पाचा पाया किती खोल जाणार, हा प्रश्न कलेचा वाटत नाही, पण तिथे काय उभं राहू शकेल हे तोच ठरवतो. कधीकधी उत्तर असं येतं की इथे अजिबात खणता येणार नाही, जे काही असेल ते जमिनीवर नुसतं टेकलेलं हवं. हे कलाकाराला पहिल्या दिवशी माहीत असायला हवं, दहाव्या महिन्यात नव्हे.

दुसरा प्रश्न भाराचा. कारखान्याची जमीन बहुतेक वेळा भरावाची असते. राख, धातुमळी (धातू गाळल्यावर उरणारा कचरा), विटांचा राडारोडा एकावर एक पडलेला असतो आणि तो सगळीकडे सारखा दबत नाही. मधेच जुनं तळघर, बुजवलेली विहीर, विसरलेला बोगदा निघतो. इंग्लंडमध्ये गेट्सहेडला अँटनी गॉर्मली यांचं 'एंजल ऑफ द नॉर्थ' १९९८ मध्ये उभं राहिलं, तेही एका जुन्या कोळसा खाणीच्या जागेवर. २० मीटर उंची, ५४ मीटर पसरलेले पंख आणि २०० टन पोलाद. टेकडीवरचा वारा त्या पंखांना रेटत असतो. म्हणून त्याला धरून ठेवायला खाली सुमारे ६०० टन काँक्रीट घातलंय आणि ते २० मीटर खोलवरच्या खडकाला बांधलंय. बघणाऱ्याला पंख दिसतात, पण अंदाजपत्रक बनवणाऱ्याला ते काँक्रीट दिसायला हवं.

आणि मातीतलं विष म्हणजे नुसती अडचण असंही नाही. काही कलाकारांनी तोच विषय केला. मेल चिन यांनी १९९१ मध्ये अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरात एका कचराभूमीवर रुफस चॅनी या मृदाशास्त्रज्ञाबरोबर 'रिव्हायव्हल फील्ड' लावलं. मातीतले कॅडमियम, जस्त यांसारखे धातू शोषून घेणारी झाडं, कुंपणाने आखलेल्या एका तुकड्यात. कलाकृती म्हणजे ते शेत. पेनसिल्व्हेनियात विंटनडेल इथे बंद कोळसा खाणीतून झिरपणारं आम्लयुक्त पाणी एकापाठोपाठ एक तळ्यांतून नेऊन स्वच्छ केलं जातं. तळ्यांच्या कडेने झाडं अशी निवडली की पानगळीच्या ऋतूत त्यांच्या पानांचे रंग पाण्याच्या बदलत्या रंगाला साथ देतील, नारिंगीपासून निळसर हिरव्यापर्यंत. त्या गटात इतिहासाचा अभ्यासक होता, भूजलतज्ज्ञ होता, निसर्गरचनाकार आणि शिल्पकारही होते. माझ्या मते अशा कामासाठी याहून चांगला गट जमवता येणार नाही.

जमिनीवर आपोआप उगवलेलंही नीट पाहा. कस नसलेल्या, खडबडीत जमिनीवर असं काही रुजतं जे सुपीक मातीत टिकत नाही. सुशोभीकरण म्हणून सरसकट लाल माती पसरून हिरवळ लावली की ते सगळं गेलं. पक्ष्यांचा विणीचा काळ कोणता, वटवाघळं कुठल्या शेडमध्ये लटकतात, हे नोंदवून ठेवा. कामाचं वेळापत्रक त्यावरूनच ठरतं.

दुसरी पायरी : तिथे राबलेली माणसं

सभागृहात माइक लावून 'जनसंवाद' घेतला की ठराविक चार जण बोलतात आणि उरलेले घरी जातात. त्याऐवजी माजी कामगारांना दोघा-तिघांच्या गटाने जागेवर घेऊन चला. प्रश्न कमी विचारा, मागून चाला.

एका बंद ओतशाळेत मी असंच एका निवृत्त फिटरबरोबर फिरत होतो. सपाट काँक्रीटची फरशी, रिकामी शेड. बोलता बोलता ते एका ठिकाणी सरळ न जाता डावीकडून वळसा घालून गेले. परत येतानाही तसंच. मी विचारलं, "काका, इथे काय होतं?" ते थांबले, खाली पाहिलं आणि म्हणाले, "इथं खड्डा होता. ओतायचा." खड्डा बुजवून वरून फरशी केल्याला कितीतरी वर्षं झाली होती. पाय मात्र अजून वळसा घालत होते. त्या दिवशी मी जमवलेल्या सगळ्या नकाशांत तो खड्डा नव्हता. आम्ही खडूने त्यांच्या चालण्याची रेघ फरशीवर आखली आणि पुढे कलाकाराला पहिल्यांदा दाखवली ती तीच.

विचारायचं ते अशा गोष्टींबद्दल. पाळी कधी सुटायची, भोंगा कुठपर्यंत ऐकू यायचा, कुठल्या दाराने आत यायचं, जेवायला कुठे बसायचं, हाताला काय लागलेलं असायचं. अपघात, संप, टाळेबंदी हे विषय निघाले तर टाळू नका. त्या गेटवर कुणाचा शेवटचा पगार अडकलेला असतो. तिथे उभी राहणारी वस्तू त्या माणसाच्या डोळ्यांनाही सामोरी जाणार आहे.

माजी कामगारांना फक्त जुन्या आठवणींचीच गोडी असते, हा समज सोडून द्या. इंग्लंडमध्ये सेंट हेलेन्सजवळची सटन मॅनर ही खाण १९९१ मध्ये बंद झाली. तिथल्या कलाकृतीसाठी जाउमे प्लेन्सा यांनी आधी खाणकामगाराच्या दिव्यावर बेतलेली कल्पना मांडली होती. जुने खाणकामगार निवडीच्या प्रक्रियेत होते. त्यांनाच ती पुरेशी वाटली नाही, त्यांना पुढे पाहणारं काही हवं होतं. मग आलं ते 'ड्रीम', डोळे मिटलेल्या मुलीचा २० मीटर उंचीचा पांढराशुभ्र चेहरा, २००९ मध्ये. काळ्या कोळशाच्या जागी पांढरा रंग. कामगारांना नुसतं बोलू न देता नाही म्हणण्याचा हक्कही दिला होता, म्हणून हे घडू शकलं.

तिसरी पायरी : कामाचं टिपण

कलाकाराला द्यायचं टिपण चार-पाच पानांचं पुरतं. त्यात जागेचा इतिहास, तपासणीचे निष्कर्ष, कुठे खणता येईल आणि कुठे नाही, जमीन किती भार पेलेल, कशाला हात लावायचा नाही, जमिनीची मालकी कुणाची, एकूण रक्कम किती आणि कलाकृती किती वर्षं टिकायला हवी, एवढं असावं. पाच वर्षं आणि पन्नास वर्षं ही दोन वेगळी कामं आहेत.

काय लिहू नये हे जास्त महत्त्वाचं. 'बारा मीटर उंचीचं, श्रमाचं प्रतीक असलेलं, धातूचं शिल्प हवं' असं लिहिलंत तर उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत. मग समोर येतात ती दातेरी चक्रं आणि हातोडा धरलेले पिळदार दंड. आकार, साहित्य, अगदी वस्तू हवी की नको हेही मोकळं ठेवा.

हे मोकळं ठेवल्याने काय होतं ते जर्मनीच्या रूर खोऱ्यात, कोळसा-पोलादाच्या जुन्या पट्ट्यात, दिसतं. १९८९ ते १९९९ या दहा वर्षांत तिथे एम्शर नदीच्या परिसरात बंद उद्योगांच्या जागा नव्याने वापरात आणण्याचं मोठं काम झालं. ड्यूसबुर्गमधला लोखंडाचा कारखाना १९८५ मध्ये थांबला होता. निसर्गरचनाकार पीटर लात्स यांनी त्याचं उद्यान करताना भट्ट्या पाडल्याच नाहीत. ओतकामाच्या जागी फरशीवर असलेले ४९ जाड लोखंडी पत्रे उचलून त्यांनी एका चौकात चौकोनी मांडले. वितळत्या लोखंडाने खाल्लेला त्यांचा पृष्ठभाग तसाच आहे. रात्री त्याच भट्ट्यांवर जोनाथन पार्क यांची रंगीत प्रकाशयोजना असते. यात नवीन वस्तू जवळजवळ नाहीतच.

त्याच खोऱ्यातल्या दोन टेकड्या पाहा, दोन्ही उद्योगांच्या टाकाऊ मालाच्या. पहिली कोळसा खाणीतल्या मालाची. एसेन शहरातल्या या टेकडीवर सेरा यांनी १९९८ मध्ये पोलादाची एकच उभी पट्टी रोवली, सुमारे १५ मीटर उंच. भोवती मुद्दाम उजाड ठेवलेला काळा माथा, दुसरं काहीच नाही. ड्यूसबुर्गमधली दुसरी टेकडी जस्त गाळण्याच्या कारखान्याच्या धातुमळीची. तिच्यावर हाइके मुटर आणि उलरिश गेन्ट यांनी २०११ मध्ये रोलर कोस्टरच्या आकाराची, पायी चढायची वाट बांधली. एका ठिकाणी माणूस एकटा पडतो, दुसऱ्या ठिकाणी मुलं धावतात. टिपणात आधीच 'शिल्प' किंवा 'खेळ' लिहिलं असतं तर यातलं एक नक्कीच झालं नसतं.

चौथी पायरी : कलाकार निवडणं

खुलं आवाहन करता येतं, चार-पाच जणांना निमंत्रण देता येतं किंवा थेट एकाला काम देता येतं. नवख्या संस्थेला मी दोन टप्प्यांची पद्धत सुचवेन. पहिल्या टप्प्यात संकल्पचित्रं मागूच नका, आधीची कामं आणि एक पानभर मनोगत पुरे. त्यातून तीन-चार जण निवडा, त्यांना जागेवर राहायला बोलवा आणि प्रस्तावासाठी मानधन द्या. फुकट संकल्पचित्रं मागवणं मला साफ चुकीचं वाटतं. घरी बसून, जागा न बघता काढलेलं चित्र कुठल्याही जागेला चालतं, आणि तुम्हाला नेमकं तेच नकोय.

निवड समितीत कलेतली जाणकार माणसं हवीतच. शिवाय संरचना अभियंता, तिथे काम केलेलं कुणीतरी आणि शेजारी राहणारं कुणीतरी हवं. अभियंत्याला मत देण्याआधी बोलू द्या.

पाचवी पायरी : पैसा आणि करार

अंदाजपत्रकात वेगवेगळ्या ओळी हव्यात: कलाकाराचं मानधन, संशोधन आणि जागेवरचा मुक्काम, अभियंत्याची फी, माती तपासणी आणि शुद्धीकरण, पाया, घडवणं, वाहतूक व क्रेन, वीज, विमा, अनपेक्षित खर्चाची राखीव रक्कम आणि देखभालनिधी. कलाकाराचं मानधन घडवण्याच्या खर्चात मिसळलं की पोलादाचा भाव वाढल्यावर पहिली कात्री त्यालाच लागते. देखभालीची रक्कम पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. उद्घाटनानंतर ती कुणीही देत नाही.

जमीन ज्याने बिघडवली तोच उद्योग कलेसाठी पैसे देत असेल तर तेही उघडपणे बोला. रॉबर्ट मॉरिस यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सिएटलच्या दक्षिणेला एका खडीच्या खाणीत मातीच्या पायऱ्यांची रचना केली आणि कापलेल्या झाडांचे बुंधे मुद्दाम तिथेच ठेवले. कलाकार हा ओरबाडलेल्या जमिनीवर रंगरंगोटी करण्याचा स्वस्त मार्ग ठरतो का, हा प्रश्न त्यांनीच तेव्हा विचारला होता. देणगी घेऊ नका असं मी म्हणत नाही. मात्र शुद्धीकरणाची कायदेशीर जबाबदारी आणि कलेची देणगी एका कागदावर येऊ देऊ नका.

करारात टप्पे पाडा: संकल्पना, तांत्रिक आराखडा, घडवणं, उभारणी. प्रत्येक टप्प्यानंतर दोघांनाही थांबता यायला हवं. मालकी कुणाची, छायाचित्रं छापायचा हक्क कुणाला, दुरुस्तीआधी कलाकाराला विचारायचं का, आणि कलाकृती हलवायची किंवा काढायची वेळ आली तर ते कोण ठरवणार, हे सगळं लिहा. शेवटचं कलम लिहिताना सगळेच अवघडतात, पण ते गाळू नका. अनेक देशांत कलाकाराला आपल्या कामाच्या मोडतोडीविरुद्ध कायद्याचं संरक्षण असतं, म्हणून तिथल्या वकिलाकडून मसुदा तपासून घ्या.

सहावी पायरी : घडवणं आणि उभारणं

इथे कलाकार, अभियंता आणि वेल्डर यांना एका टेबलाशी बसवणं हेच तुमचं मुख्य काम.

औद्योगिक जागांवर कॉर्टेन पोलादाचा, म्हणजे वरवर गंजून तो गंजच कवच होतो अशा पोलादाचा, मोह फार होतो, कारण त्याचा गंज जागेला शोभतो. ते पोलाद ओलं आणि कोरडं आलटून पालटून व्हावं लागतं, तेव्हा कुठे वरचा थर घट्ट बसतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत किंवा पाणी साठून राहणाऱ्या खाचेत तो थर बसत नाही आणि पोलाद खात जातं. पहिली काही वर्षं त्यावरून तांबूस पाणी ओघळतं, खालच्या काँक्रीटवर डाग पडतात. कडेने खडीचा पट्टा ठेवला तर हे सहज टळतं.

जस्ताचा लेप द्यायचा असेल तर लेप देणाऱ्या कारखान्यातल्या हौदाची लांबी आधी विचारा. त्याहून मोठा तुकडा एका बुडवणीत मावणार नाही, म्हणजे सांधे कुठे येतील हे तो हौद ठरवणार. पोकळ नळ्यांना हवा जायला भोकं ठेवावीच लागतात. बंद नळीत ओल राहिली तर वितळलेल्या जस्तात ती फुटू शकते. ही भोकं दिसणार कुठे, यावर कलाकाराशी आधी बोला.

उंच, निमुळत्या रचनेसाठी वाऱ्याचा हिशोब आणि सांध्यांची चाचणी यांत काटकसर नको. मँचेस्टरमध्ये थॉमस हेदरविक यांचं 'बी ऑफ द बँग' २००५ मध्ये उभं राहिलं, ५६ मीटर उंच, १८० पोलादी सुळ्यांचं. एका सुळ्याचं टोक उद्घाटनाआधीच गळून पडलं. पुढेही अडचणी सुटल्या नाहीत आणि २००९ मध्ये ते उतरवावं लागलं.

सातवी पायरी : उद्घाटनानंतर

कलाकाराकडून देखभालीची वही लिहून घ्या. कुठला रंग, कुठला बोल्ट, कशाने धुवायचं, कशाने अजिबात धुवायचं नाही, दिवा गेला तर कुठला बसवायचा. भिंतीवर कुणी रंग फासला तर किती दिवसांत पुसायचा, हेही. पदाचं नाव नको, माणसाचं नाव लिहा आणि तो माणूस बदलला की वहीत नवं नाव चढवा.

काही कामांची देखभाल म्हणजेच काम. अ‍ॅग्नेस डेनेस यांच्या योजनेप्रमाणे फिनलंडमध्ये यलोयार्वी इथे जुन्या खडीच्या खाणींच्या जागी डोंगर रचून १९९२ ते १९९६ या काळात ११,००० माणसांनी ११,००० झाडं लावली. ती ४०० वर्षं राखायची आहेत. अशा ठिकाणी तुमची वही तुमच्यानंतरच्या कितीतरी पिढ्यांच्या हाती जाणार असते, म्हणून ती साध्या भाषेत लिहा.

पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या सकाळी वही आणि कॅमेरा घेऊन जागेवर जा. पाणी कुठे साठलंय, पायाच्या कडेची माती कुठे खचलीय, तांबूस ओघळ कुठवर आलाय आणि लोकांनी आखलेल्या वाटेऐवजी कुठली पायवाट पाडलीय, ते पाहा. तारीख घालून लिहा, फोटो काढा आणि कलाकाराला त्याच दिवशी पाठवा.